पाच बंद दारं

इतवारीतलं घर विकून पुष्पलताबाईंनी बेसाला फ्लॅट घेतला, त्याला महिना झाला. मजल्यावर शेजाऱ्यांची दारं पाच, पण बोलकं एकही नाही.

"मी तं चालली बा परत इतवारीले, भाड्यानं राहीन," त्या म्हणाल्या.

"काहून जीव जाळून राहिली वं? होईल ओळख हळूहळू," यजमान गणपतराव हसले.

रविवारी सकाळी बाईंनी तापल्या तेलात मूठभर भिवापुरी मिरची सोडली. खकाणा थेट लिफ्टपर्यंत गेला. खोकत, शिंकत पाचही घरं बाहेर आली. "कोनाच्या घरी काय जळून राहिलं जी?"

गणपतराव ओशाळून स्वयंपाकघरात धावले. "जाय, माफी माग आता साऱ्यांची!"



बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दुसऱ्या शेगडीवर केव्हाचा उकळत असलेला बारा कप चहा गाळायला घेतला.