विचारल्याशिवाय काढायचं नाही

लाल दश्शी काळ्या गुलामावर जाऊन बसली होती, आणि चष्मेवाले तर तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कप घेऊन ते खोलीत आले, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आला होता बघ. पुन्हा खेळून गेला."

भाचीने पर्स खुंटीला अडकवली. "कोण, मामा?"

"चोर."

चष्म्याचं दुकान बंद झालं, तरी चष्मेवाले हे नाव काही त्यांना सोडून गेलं नव्हतं. रिकामपणी त्यांना कॉम्प्युटरवर एकट्याने पत्ते लावायचा नाद लागला होता. डाव अडला की ते वैतागून उठत. परत येऊन बघावं तर अडलेला डाव सुटलेला असे. आधी वाटलं, आपलंच वय झालं. मग एकदा दारातूनच त्यांनी पाहिलं. माउसजवळ चिटपाखरू नव्हतं, आणि बाण आपला सावकाश, अडखळत एका पत्त्यापर्यंत गेला, तिथे थबकला, आणि पत्त्याने जागा बदलली.

"आणि खेळतो काय सांगू तुला," ते म्हणाले. "मी डोकं खाजवून दमतो आणि याला चाल दिसते. चोर असला म्हणून काय झालं, मानलं पाहिजे."

"कौतुक पुरे. बाहेरून कुणीतरी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घुसलंय. आज पत्ते हलवतोय, उद्या सगळं पुसून टाकेल. मामीचा आवाज कुठे ठेवलायस?"

"ह्यातच."

"आणखी कुठे?"

चष्मेवाल्यांनी कप खाली ठेवला. आणखी कुठेच नव्हता.

ते दाढी करत असताना बायको त्यांना पेपर वाचून दाखवायची. बातमी एक आणि तिच्यावरचे तिचे शेरे चार. एकदा गंमत म्हणून त्यांनी ते रेकॉर्ड केलं, मग सवयच लागली. आता ती त्यांच्या खुर्चीमागे पलंगावर पडून होती. झटक्यानंतर हातपाय गेले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते की बोललेलं आत पोचत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई बरेच दिवस येत होत्या. त्यांनी याच कॉम्प्युटरवर काय काय करून पाहिलं, आणि शेवटी त्यांनीही हात टेकले. पूर्वी चष्मेवाले तिच्या डोळ्यांत बघून बोलत. हल्ली ते त्यांच्याने होत नसे. ते तिच्याकडे पाठ करून बसत आणि तिचा आवाज ऐकत.

"तपासणारा प्रोग्राम घालू," भाची म्हणाली. "पण नेहमीचा राखणदार तुझ्याकडे आहेच. दुसरा कायमचा ठेवला तर दोघं एकमेकांवरच गुरगुरतील. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आपल्याला हवा बोलावल्यावर येणारा. आला, तपासलं, गेला."

"म्हणजे घरजावई नको, पाहुणा हवा."

"अगदी तसंच."

पाहुणे तीन निघाले. पहिला एकदा आला की जायचं नाव घेणार नाही असा होता. दुसऱ्याची सगळ्यांनी तारीफ केली होती. संशय आला की तो स्वतःच साफ करून टाकायचा, मालकाला तोशीस नाही. तिसरा संथ. प्रत्येक गोष्ट विचारत बसणारा.

"दुसरा घेऊ," भाची म्हणाली. "काम झटपट."

"नको. न विचारता काढणारा नको. तिचा आवाज आहे त्यात." चष्मेवाल्यांचा स्वर एकदम बदलला. "हळू असू दे, पण विचारू दे."

तिसरा आला आणि कामाला लागला. एवढ्याशा खोक्यात दडलेल्या हजारो फायली पडद्यावरून झरझर सरकू लागल्या. चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती, आज त्यांना स्वतःला एक ओळ धड वाचता येईना. एवढं सगळं आपल्या घरात नांदतंय या कल्पनेनेच त्यांची छाती दडपली. तिच्या आवाजाच्या फायली सहीसलामत पलीकडे गेल्या तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले.

मग फायली सरकायच्या थांबल्या.

"सापडला," भाची हळूच म्हणाली. "वर्षभर आत बसलाय, मामा. कॅमेऱ्यातून बघतो आणि बाण हलवतो. म्हणून तर तू उठलास की येतो. खुर्ची रिकामी झालेली त्याला दिसते."

पडद्यावर प्रश्न आला होता, काढून टाकायचं का? खाली हो आणि नाही. भाचीने बाण 'हो'वर नेला.

"थांब. आत्ता बघतोय तो?" चष्मेवाले खुर्चीतून उठून भिंतीला टेकले. भाचीही माउस सोडून बाजूला झाली.

बाण हलला. थरथरत, रेंगाळत 'हो'वरून निघाला आणि 'नाही'पाशी गेला.

भाचीने बाजूनेच हात लांबवून तो परत 'हो'वर आणला. हात काढताच बाण पुन्हा निघाला. वाटेत घसरला, सावरला, आणि 'नाही'कडे वळला.

"केवढी जिद्द आहे," चष्मेवाले पुटपुटले. त्यांची भीती कुठल्या कुठे गेली होती. "गयावया करतोय गं तो. कोण असेल?"

"त्याला काय दिसतंय ते बघता येतं," भाची म्हणाली, आणि वाकून तिने बाण कोपऱ्यातल्या एका चिन्हावर नेऊन टिचकी मारली.

एक चौकट उघडली. तिच्यात रिकामी खुर्ची होती, खुर्चीमागे पलंग होता, आणि उशीवरच्या दोन डोळ्यांभोवती दोन हिरवी वर्तुळं. डोळे सरकले की बाण सरकत होता, आणि आत्ता ते 'नाही'वर खिळले होते.