कापण्याआधीची रक्कम

“पैसे परत करायचेत,” मावशी म्हणाल्या.

निवडणूक कार्यालयाच्या खिडकीमागचा कारकून मान वर न करताच हसला. निवडणूक आटोपल्यापासून या खिडकीवर माणूस यायचं ते ‘आमचे पैसे कधी’ म्हणून तावातावाने भांडायलाच. परत करायला आलेलं माणूस त्याने अजून पाहिलं नव्हतं.

“चुकून जास्त आलेत का?”

“नाही, बरोबर आलेत. पण नकोत.”

आता मात्र त्याने मान वर केली. समोर साठीला टेकलेली एक बाई उभी होती. बाहीला शिवणाचे धागे चिकटलेले. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, आणि नाव विचारायच्या आधीच कारकूनही मावशी म्हणून मोकळा झाला.

मतदानाच्या दिवशी मावशींचं काम अगदी साधं होतं. आलेल्या माणसाचं नाव यादीत शोधायचं, त्यावर रेघ मारायची, पुढच्याला बोलवायचं. दिवसभर लोक त्यांना ‘मॅडम’ म्हणत होते आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला बोला. मानधनही बिनबोभाट खात्यात आलं. मग काल हॉस्पिटलने कळवलं की घरचं वर्षाचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं आहे, तेव्हा नवऱ्याचं डायलिसिस पुढच्या आठवड्यापासून फुकट होणार नाही. हॉस्पिटलचं हे मावशींनी कारकुनाला सांगितलं.

“मर्यादा जवळ आली की मी शिवण घेणंच बंद करते,” मावशी म्हणाल्या. “दर वर्षी शेवटी शेवटी मशीनवर चादर टाकून ठेवते. गिऱ्हाइकांना सांगते, डोळे दुखतात. यंदाही तसंच केलं. हे निवडणुकीचं काही मी कमाईत धरलं नाही. दोन दिवसांचं तर काम.”

“सगळं धरतात, मावशी. प्रशिक्षणाचा दिवससुद्धा.” कारकुनाने संगणकावर त्यांचं नाव काढलं. “मानधन नको असेल तर ते प्रशिक्षणालाच लिहून द्यावं लागतं. विचारलं होतं की तेव्हा, कुणाला नकोय का म्हणून.”

“विचारलं होतं. सगळे हसले. मीपण हसले.”

कारकून पडद्याकडे बघत राहिला. मावशी खिडकीच्या जाळीला अगदी टेकल्या.

“पण यातून कर कापलाय ना? मग हातात आले तेवढेच धरा. मी घरी दोनदा हिशेब केलाय. हातात आलेले धरले, तर आम्ही आत बसतो.”

“कापण्याआधीची रक्कम धरतात.”

“म्हणजे जे मिळालेच नाहीत, त्यांच्यापायी आम्ही बाहेर?”

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नव्हता. काहीतरी बरं सांगावं म्हणून धडपडत होता बिचारा, आणि तेवढ्यात त्याला ते सापडलंही.

“कापलेला कर मात्र परत मिळेल बरं का! एक अर्ज करा. तुमचं उत्पन्न इतकं कमी आहे की तुम्हाला कर लागतच नाही.”

मावशींना खरं तर इथे रडू यायला हवं होतं. निदान संताप तरी. दात उपटण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतात, तसं कालपासून त्यांच्या आत काहीतरी झालं होतं. दुखतं कुठे ते माहीत होतं, पण दुखत नव्हतं.

“मग मी आलेच नव्हते असं लिहा,” त्या म्हणाल्या.

“असं कसं लिहिणार? पानापानावर तुमची सही आहे. तुम्ही नव्हता म्हटलं, तर यादी तपासली कोणी? त्या खोलीतली सगळीच्या सगळी मतं बाद होतील.”

“होऊ देत. त्यात एक माझंही आहे.”

कारकून हसायला गेला. मावशी हसत नव्हत्या, म्हणून तोंड मिटून बसला.

“पुढच्या वर्षी हॉस्पिटलला पुन्हा अर्ज करा,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी उत्पन्न कमी दिसलं की परत बसाल त्यात.”

“ह्यांना डायलिसिस आठवड्यातून दोनदा लागतं.”

मावशींच्या मागे रांगेत कुणीतरी मुद्दाम खाकरलं. कारकुनाने त्या माणसाला हातानेच ‘थांब’ म्हटलं, आणि मग जाळीपाशी वाकून, घरच्या माणसाशी बोलावं तसा हळू आवाजात बोलला.

“मावशी, राग मानू नका. पुढच्या महिन्यात पोटनिवडणूक लागली आहे. आम्हाला माणसं कमी पडताहेत. नाहीतरी मर्यादा ओलांडलीच आहे, आता आणखी आले तरी काय बिघडणार? नाव घालू का तुमचं?”

तो हे अगदी मनापासून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता की थट्टा नव्हती. मावशींनाही ते कळलं.

“कर कापून हातात किती येतील?”

त्याने आकडा सांगितला. हॉस्पिटलचे दर मावशींना कालपासून तोंडपाठ झाले होते.

“एका वेळच्या डायलिसिसचं निघतंय,” त्या म्हणाल्या. “घाला नाव.”