मोडका पंख

झऱ्यावरून पाणी भरून येताना पोलिक्सेनीला तो सैनिक दिसला आणि तिचे पाय जागीच थिजले. गुहेचं तोंड त्याच्यापासून जेमतेम वीस पावलांवर होतं. आत तिचा धाकटा भाऊ स्टेर्गिओस तापानं फणफणत पडला होता. पुलावरच्या चकमकीत त्याच्या मांडीत गोळी घुसून आरपार गेली होती, आणि तीन दिवस सगळा डोंगर त्याच्यासाठी धुंडाळला जात होता.

बाकीचे तिघे सैनिक खाली ओकच्या सावलीत बूट काढून पसरले होते. वर आलेला हा एकटाच. गावात तळ ठोकलेल्या इटालियनांचा नाईक, आमेदेओ.

इतक्यात त्याच्या पायाशी एक दगडच फडफडल्यासारखा वाटला. तित्तराची मादी होती. एक पंख जमिनीवर ओढत, केविलवाणी ओरडत ती उतारावरून सरपटू लागली. आमेदेओनं वाकून हात लांबवला. ती दोन हात पुढे. तो पुन्हा वाकला. ती पुन्हा दोन हात पुढे. फार लांब जात नव्हती, हातीही लागत नव्हती.

पोलिक्सेनीचा जन्म शेळ्यांमागे गेला होता. तो पंख धडधाकट आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागे दगडांत पिल्लं दगडांच्याच रंगाची होऊन, हूं की चूं न करता जमिनीला चिकटली असणार.

पिल्लांपासून पुरेशी लांब आल्यावर मादी भर्रकन उडाली. आमेदेओ हसला. मग वळून वर गुहेच्या खडकांकडे पाहू लागला.

पोलिक्सेनीनं घडा सोडून दिला, "पवित्र माते, मेले!" म्हणून किंकाळी फोडली आणि उतारावर लोळण घेतली.

तो धावत आला. "काय झालं, बाई?" दोन वर्षांत त्याचं ग्रीक बरंच सुधारलं होतं.

"पाय मोडला, दिसत नाही? भुतासारखे उभे राहता वाटेत, माणूस दचकणार नाही तर काय!"

त्यानं तिचा घोटा चाचपला. सूज नव्हती. त्यानं पाय हळूच खाली ठेवला.

"मी जाईन एकटी," म्हणत ती उठली, गावाच्या दिशेनं चार पावलं लंगडली आणि पुन्हा कोसळली. तो मागोमाग आला. ती परत उठली, परत कोसळली.

"उठा रे!" त्यानं खाली हाक दिली. "बाईंना गावात पोचवायचंय."

"आणि वरचे खडक?" एकानं विचारलं.

"बघितले मी. लेंड्या आहेत शेळ्यांच्या. आणू तुझ्यासाठी?"

तिघे खिदळले आणि बूट चढवू लागले. हा तर पाखरामागे धावत होता, खडक कधी बघितले? आळशी मेला, पोलिक्सेनी मनात म्हणाली, देव तुझं भलं करो.

त्याच्या खांद्यावर भार टाकून ती तास-दीड तास उतरत राहिली. अर्ध्या वाटेवर ती चुकून दुसऱ्याच पायानं लंगडू लागली. पण आमेदेओ तेव्हा सिगारेट पेटवत होता. त्यानं पाहिलं नसावं. तिनं त्या मादीचे मनोमन हजार आभार मानले. पुन्हा कधी तित्तरांना फास लावणार नाही, अशी शपथही घेतली.

"दोन दिवस टेकवू नका पाय," दारात सोडताना तो म्हणाला आणि माणसांना घेऊन तळाकडे गेला.

ती मागच्या दारानं निघाली ती धापा टाकत थेट गुहेत पोचली. स्टेर्गिओस भिंतीला टेकून बसला होता. कपाळाला घाम फुटला होता, ताप उतरत होता. मांडीवर पांढरीशुभ्र पट्टी होती.

"ही कुणी बांधली?"

"आमेदेओनं. तू पाण्याला गेलीस आणि तो आत शिरला. मला वाटलं, आटोपला खेळ. पण त्यानं जखम धुतली, गोळ्या दिल्या, आणि निघताना म्हणाला, 'कण्हू नकोस, माझी माणसं खालीच आहेत. त्यांना इथून हलवायला काहीतरी निमित्त शोधतो.'"