विंगेतला आवाज

"घाम फुटला होता," प्रॉम्प्टरने वाक्य पुरं करून दिलं, आणि खोलीत हशा पिकला.

वाक्य राजांचं होतं. नाटक कंपनीत जन्मभर राजाच्या भूमिका केल्या म्हणून सगळे त्यांना राजे म्हणत. प्रॉम्प्टर मात्र अजून अरेतुरे करायचा. गेल्या वर्षी राजांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं तेवढं अडखळत राहिलं. शनिवार-रविवार या, निवांत बसा, जुन्या गप्पा मारा, असा वहिनींचा फोन आला, तेव्हा हा एकटा, लाजाळू म्हातारा चार पुस्तकं पिशवीत टाकून त्या भल्या मोठ्या शहरात आला. वाटेत एकच धास्ती होती. आपण बोलणार काय? आयुष्यभर बोललो ते विंगेत बसून, दुसऱ्यांची वाक्यं, तीही कुजबुजत.

धास्ती तासाभरात गेली. राजे "जरा तो..." म्हणून थांबले की हा "चष्मा" म्हणे. "आज बाहेर..." "ऊन फार आहे." राजे मान डोलवत. गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या, खाली खोलवर गाड्यांची घरघर, आणि एका माणसाचं बोलणं दोघं मिळून बोलत होते. कित्येक वर्षांत प्रॉम्प्टरला इतकं बरं वाटलं नव्हतं. आपल्यावाचून याचं अडतं, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी शेजारचं जोडपं चहाला आलं. कधी नव्हे तो प्रॉम्प्टरला कंठ फुटला. त्याने ती गोष्ट सांगितली. तिसरा अंक. भरलेलं थिएटर. राजाचं मोठं भाषण, आणि राजा मध्येच गप्प.

"चेहरा कोरा हो. मी विंगेतून पहिला शब्द दिला, दुसरा दिला, अख्खं भाषण घास भरवावा तसं भरवलं. प्रयोग संपल्यावर मालक सगळ्यांदेखत म्हणाले, याच्याशिवाय पडदा वर जायचा नाही."

"म्हणजे खरे राजे तुम्हीच," शेजारीण म्हणाली. "हे आपले मुकुट सांभाळायला."

राजेही हसले. मग पुढे झुकले. "पण तेव्हा... मला..."

आणि तिथे प्रॉम्प्टरने त्यांना घाम फोडला.

रविवारी सकाळी राजांनी पुन्हा तिथूनच सुरुवात केली. वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काल ते... तेव्हा मला..."

"काही म्हणता काही आठवेना. ठाऊक आहे रे. माझ्यापाशी कसला संकोच?"

राजांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र परत उचललं.

प्रॉम्प्टर कप विसळायला स्वयंपाकघरात गेला. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"भावजी, एक बोलू? राग नाही ना यायचा?"

"तुमचा कसला राग, वहिनी."

"डॉक्टरांनी सांगितलंय, शब्द ह्यांचे ह्यांनीच शोधायचे. कितीही वेळ लागू दे. दुसऱ्याने दिला की हे शोधायचंच सोडून देतात. मी तर ओठ चावून बसते. तुम्ही येणार म्हणून आठवडाभर आरशापुढे बसून वाक्यं जुळवत होते. तुम्ही एक पुरं करू दिलं नाहीत."

कप धुऊन झाला तरी प्रॉम्प्टर तो नळाखाली धरून उभा राहिला. नट थांबला म्हणजे अडला असं नसतं, हे तर प्रॉम्प्टरला पहिल्या दिवशी शिकवतात. तेवढंही आपल्याला उरलं नाही. राजांची डोलणारी मान त्याला पुन्हा दिसली. तो होकार नव्हता, हार होती. आणि त्या हारीवर आपण दोन दिवस खुशाल चैन केली. मित्र लंगडतो म्हणून सुखावलेला माणूस. वहिनींकडे न बघता त्याने कप पालथा घातला.

दुपारी राजे त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले, काठी टेकत. दोघं बाकावर बसले. प्रॉम्प्टरने पिशवी मांडीवर घेतली. माफी मागायची होती. ती काही जमेना.

"तेव्हा तुला काय?" त्याने विचारलं.

राजांनी तोंड उघडलं. "तेव्हा... मला..."

पुढे काही नाही. प्रॉम्प्टरच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. त्याने एकेक करून ते गिळले. बस आली. चालकाने दार उघडलं, दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, हॉर्न दिला. प्रॉम्प्टर हलला नाही. दार मिटलं, बस गेली. राजांचे ओठ नुसतेच हलत होते, गळ्याची शीर तटतटली होती. प्रॉम्प्टरने पिशवीचे बंद मुठीत आवळले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"...सगळं पाठ होतं," राजे म्हणाले. डोळ्यांत खट्याळ हसू आलं. मग पुन्हा बराच वेळ गेला. "मालक तुला... दुसऱ्या दिवशी... कंपनीतून काढणार होता."