चौकटीतली फिकट अक्षरे

सकाळी सव्वासातला चहा घेऊन ती आली, तेव्हा बाबा संगणकासमोर चिठ्ठीवर काहीतरी टिपत होते. पडद्यावर डोळ्यांच्या दवाखान्याचा नोंदणीअर्ज होता. त्याची देखणी मांडणी तिनेच केलेली. "चिठ्ठी कशाला, बाबा?" "कोणत्या चौकटीत काय लिहायचं, ते लिहू लागताच विसरतो. तीन दिवस हेच चाललंय. तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं." ते हसले आणि चिठ्ठीत पाहून पुन्हा चौकटीत लिहू लागले. तिने वाकून पाहिले. चौकटीतली फिकट सूचना पहिले अक्षर उमटताच नाहीशी होत होती. तिचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही विसरत नाही हो! माझा अर्जच सूचना पुसतो." "म्हणजे वेंधळी तू?" "मीच!" चहा तसाच ठेवून तिने प्रत्येक सूचना ठळक अक्षरांत चौकटीबाहेर बसवली. बाबांनी अर्ज भरला, पाठवला आणि चिठ्ठीची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.