बॉनेटखालचं खोबरं

पळस्पे फाट्यावर हरेशच्या डिझेल पिकअपने पुन्हा भसाभसा वाफ सोडली. कूलंटचा पाइप गेला! महागडा पाइप टाकून महिनाही झाला नव्हता. असे तीन बदलून तो मेटाकुटीला आला होता. “गाडीला कुनाची तरी नजर लागलीय,” म्हणत त्याची आई दर शनिवारी गाडीपुढे नारळ फोडायची. इंजिनालाही प्रसाद मिळावा म्हणून बॉनेटखाली खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. मेकॅनिकने फाटका पाइप काढून दाखवला. “शेठ, हा फुटला नाही, उंदराने कुरतडलाय. आत खोबरं कोण ठेवतं?” हरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पोचताच त्याने पाइप आईपुढे आपटला. “बघ, तुझा प्रसाद खायला उंदीर येतो आणि जाताना माझा पाइप खातो!” आईने दातांच्या खुणा निरखल्या आणि भक्तिभावाने हात जोडले. “गणपतीचा उंदीर आपल्या गाडीत येतो? मंग शनवारपासून मोदकच ठेवते.”