मृणूच्या आंब्याचं कलम

कलमाच्या पट्टीखाली बोटभर अंतरावर तांबूस पालवी फुटली होती. वृंदाने एक पान चुरगळून हुंगलं. शेपूचा वास नव्हता. पट्टीच्या वरची, मृणूच्या आंब्याची काडी सुकून काळी पडली होती. फुटला होता तो खालचा खुंट, कुठल्याशा कोयीचा.

मागच्या दारचा मोठा आंबा मृणूचा. वृंदा-रघुनाथरावांच्या चार वर्षांच्या लेकीने चोखून भिरकावलेली कोय रुजली आणि त्याच साली लेक तापाने गेली. पानाफळाला शेपूचा वास, फळ आंबट, लोणच्याला एक नंबर. गावात मृणूचं नाव उरलं ते त्या लोणच्यापुरतंच. आता किडीने खोड पोखरून झाड घरावर कललं होतं. पण "कलम धरल्याशिवाय कुऱ्हाड लावू देणार नाही," असं रघुनाथराव म्हणत, आणि दर वर्षी कलम मरे.

"अगं, फुटलं की!" रघुनाथराव तांब्या घेऊन लगबगीने आले. डोळे अधू, पालवी त्यांनी बोटांनीच चाचपली. "मृणूसारखंच हट्टी. धरलं ना? सांगा की, बॉटनीच्या बाई!"

वृंदाने सुकलेली काडी मुठीत झाकली.

"धरलं," ती म्हणाली. "उद्या माणसं बोलवा. झाड तोडू."